कोंबडीच्या रक्तापासून सिकलसेलच्या औषधापर्यंत

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात संशोधक विद्यार्थ्यांच्या फेलोशिपची चर्चा चालू असताना सभागृहात एक प्रश्न विचारला गेला : पीएचडी करून काय दिवे लावणार? त्यावर गदारोळ झाला, खुलासे झाले आणि चार दिवसांत विषय मागे पडला. पण हा प्रश्न एकट्या कुणा नेत्याचा नव्हता. तो लग्नाच्या मांडवात विचारला जातो, एसटीत शेजारी बसलेला माणूस विचारतो, पोरगी तिशीला आली तरी अजून शिकतेय म्हटल्यावर आत्या-मावश्या विचारतात. आपल्या पैशाचं काय होतं हे विचारायचा हक्क प्रत्येक करदात्याला आहे, त्यामुळे या प्रश्नावर नुसतं चिडून भागत नाही. त्याचं सरळ उत्तर द्यायला हवं. आणि माझ्या मते ते विदर्भातूनच द्यायला हवं, कारण विधानभवनापासून गाडीनं तीन-चार तासांवर त्या उत्तराची वाट पाहणारी माणसं राहतात.

नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया, यवतमाळ, मेळघाट आणि तिकडे सातपुड्यातलं नंदुरबार, या पट्ट्यात सिकलसेल म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आदिवासी समाजात आणि विदर्भातल्या अनुसूचित जातींमध्ये हा आजार पिढ्यानपिढ्या चालत आलेला आहे. रुग्णाच्या लाल पेशीतलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडल्यावर एकमेकांना चिकटतं, त्याचे लांब तंतू होतात आणि गोल पेशी वाकडी, ताठर होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. मग हाडं ठणकतात, पोरं शाळा बुडवून अंथरुणात पडून राहतात, प्लीहा निकामी होते, काहींना लहान वयात पक्षाघात होतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात याची पहिली तपासणी अगदी साधी असते. टेक्निशियन बोटातून थोडं रक्त घेतो, डायथायोनाइट असलेल्या द्रावणात मिसळतो आणि नळी रेघा मारलेल्या कागदासमोर धरतो. डायथायोनाइट ऑक्सिजन काढून घेतं. पलीकडच्या रेघा स्पष्ट दिसल्या तर काळजी नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर त्या रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे, आणि पुढची पक्की तपासणी करायची. आजाराची ओळख पटते तीच एका रासायनिक अभिक्रियेतून.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. २०४७ पर्यंत हा आजार संपवायचा, त्यासाठी ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची, असं त्याचं उद्दिष्ट आहे. तपासणी व्हायलाच हवी, लग्नाआधीचं समुपदेशनही हवं. पण ज्यांना आज आजार आहे त्यांना तपासणीचं कार्ड मिळून पुढे काय?

इथे रोगाच्या इतिहासातली एक जुनी नोंद कामी येते. १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी पाहिलं, की सिकलसेल घेऊन जन्मलेल्या बाळांना पहिले काही महिने त्रास होत नाही. कारण बाळाच्या रक्तात तेव्हा वेगळं, गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन असतं, आणि ते चिकटत नाही. जन्मानंतर हळूहळू त्याचं उत्पादन बंद होतं आणि प्रौढांचं हिमोग्लोबिन सुरू होतं. आजारही तेव्हाच डोकं वर काढतो. पुढच्याच वर्षी लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी हा रेणूचा आजार आहे हे दाखवलं, आणि १९५० च्या दशकातच व्हर्नन इन्ग्रॅम यांनी नेमकी चूक शोधली : बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. चूक सापडली, पण ती दुरुस्त करायचं साधन कुणाकडे नव्हतं. वॉटसन यांच्या निरीक्षणानं मात्र दुसरी वाट दाखवली होती. गर्भातल्या हिमोग्लोबिनचं जनुक प्रौढ माणसात नष्ट होत नाही. ते प्रत्येक पेशीत शाबूत असतं, फक्त बंद असतं. ते पुन्हा चालू करता आलं तर मूळ चूक तशीच राहूनही आजार हटेल.

चालू आणि बंद कोण करतं? हा प्रश्न क्रोमॅटिनचा, म्हणजे पेशीत डीएनए ज्या गुंडाळीत बसवलेला असतो तिचा आहे.

माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरतो, आणि तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून लहान केंद्रकात बसवलेला असतो. तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो. आठ हिस्टोनांचा एक गठ्ठा, त्याभोवती डीएनएच्या सुमारे १४७ अक्षरजोड्यांचे पावणेदोनच्या आसपास वेढे, मग थोडा मोकळा धागा, मग पुढचा गठ्ठा. या एककाला न्यूक्लिओसोम म्हणतात. रॉजर कॉर्नबर्ग यांनी ही रचना १९७४ मध्ये मांडली आणि तिचं अणूंच्या पातळीवरचं स्पष्ट चित्र १९९७ मध्ये कॅरोलिन लुगर, टिमोथी रिचमंड आणि सहकाऱ्यांनी काढलं. घरातल्या जुन्या ट्रंकेचा विचार करा. कपडे सगळे आत आहेत, पण तळाशी दाबून ठेवलेला शालू रोज नेसता येत नाही. वरची साडी हाताशी येते. पेशीतही जनुकं सगळी असतात. कोणतं वाचलं जाणार हे बरंचसं घडी कशी घातली आहे यावर ठरतं. म्हणून एकाच डीएनएपासून डोळाही होतो आणि यकृतही.

आता कोंबडीकडे वळू. आपल्या लाल पेशींत केंद्रक उरत नाही, कोंबडीच्या पेशींत राहतं. हॅरोल्ड वेनट्रॉब आणि मार्क ग्रूडीन यांनी १९७६ मध्ये कोंबडीच्या गर्भातल्या लाल पेशींची केंद्रकं घेतली आणि त्यांवर डीएनए तोडणारं एक एन्झाइम सोडलं. त्यांना दिसलं की हिमोग्लोबिनचं जनुक चटकन तुटतं आणि ज्याचं लाल पेशीत काही काम नाही असं अंड्यातल्या प्रथिनाचं जनुक तितकं तुटत नाही. दुसऱ्या प्रकारच्या पेशी घेतल्या तर हिमोग्लोबिनचं जनुकही त्याच एन्झाइमला दाद देत नाही. म्हणजे वापरात असलेल्या जनुकाभोवतीचं क्रोमॅटिन सैल असतं, आणि ते सैलपण मोजता येतं. पुढच्या काही वर्षांत फळमाशीवर काम करणाऱ्या कार्ल वू आणि सेरा एल्जिन यांनी याहून नेमकी गोष्ट दाखवली : जनुकांच्या आसपास काही छोट्या जागा अशा असतात जिथे हे एन्झाइम सगळ्यात आधी घुसतं. जनुक चालू-बंद करणारी प्रथिनं तिथेच येऊन बसतात.

या प्रयोगांच्या वेळी एखाद्या आमदारानं विचारलं असतं, की कोंबडीचं रक्त आणि फळमाश्या यांवर सरकारचा पैसा का घालवता, तर शास्त्रज्ञांकडे सिकलसेलचं उत्तर नव्हतं. त्यांना ते माहीतच नव्हतं. त्यांना क्रोमॅटिन समजून घ्यायचं होतं, एवढंच.

तीस वर्षांनी त्याचं मोल कळलं. २००७-०८ मध्ये हजारो लोकांच्या जनुकीय तुलनेतून कळलं, की काही लोकांत प्रौढपणीही गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त का राहतं याचा संबंध बीसीएल११ए नावाच्या जनुकाशी आहे. विजय शंकरन आणि स्टुअर्ट ऑर्किन यांच्या गटानं २००८ मध्ये दाखवलं की या जनुकापासून बनणारं प्रथिनच गर्भातलं हिमोग्लोबिन दाबून ठेवतं. मग हे जनुकच तोडावं का? तसं करता येत नाही. मेंदूच्या वाढीत आणि रोगप्रतिकारक पेशींत त्याला मोठं काम असतं. गाडी इथे अडली असती. पण २०१३ मध्ये याच गटानं दाखवून दिलं, की लोकांमधले ते फरक जनुकाच्या आत एका अशा जागी आहेत, जिथलं क्रोमॅटिन लाल पेशींच्या वंशातच सैल असतं. म्हणजे ती जागा फक्त लाल पेशींसाठीची, बटणासारखी कळ आहे. ती मोडली तर लाल पेशीत बीसीएल११एचं प्रमाण कमी होतं आणि मेंदूत त्याला धक्काही लागत नाही. ही जागा सापडली ती वेनट्रॉब, वू आणि एल्जिन यांनी वापरलेल्या त्याच एन्झाइमच्या खुणांवरून.

पुढचं बहुतेकांनी वर्तमानपत्रात वाचलं असेल. डीएनए हव्या त्या जागी कापणाऱ्या क्रिस्पर तंत्रानं नेमकी ती कळ मोडणारा उपचार, कॅसजेव्ही, नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये आणि ८ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेत मंजूर झाला. नागपुरात तो प्रश्न विचारला गेला त्याच महिन्यात! अमेरिकेच्या औषध प्रशासनानं मंजुरी देताना पुरेसा काळ पाहणीखाली राहिलेल्या ३१ रुग्णांची आकडेवारी दिली होती. त्यांपैकी २९ जणांना किमान सलग वर्षभर वेदनेचा एकही गंभीर झटका आला नाही.

माझा मुद्दा यापुढे सुरू होतो, कारण या गोष्टीचं तात्पर्य "बघा, मूलभूत संशोधनाचं शेवटी सोनं होतं" एवढंच काढलं तर ते अपुरं आहे. अमेरिकेत या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर ठेवली गेली, म्हणजे आपले साधारण १८ कोटी रुपये. शिवाय त्याआधी रुग्णाचा अस्थिमज्जा बुसल्फान या जहाल औषधानं रिकामा करावा लागतो, त्यात वंध्यत्वाचा धोका आहे, आणि आठवडेच्या आठवडे अद्ययावत रुग्णालयात राहावं लागतं. गडचिरोलीतल्या एटापल्लीच्या माडिया मुलीला याचा आज काही उपयोग नाही. त्यामुळे ज्यांना संशोधनावरचा खर्च पटत नाही ते इथेच बोट ठेवतात. ते म्हणतात, आधी आरोग्य केंद्रात डॉक्टर द्या, सिकलसेलचे झटके कमी करणाऱ्या हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या वेळेवर पोहोचवा, रक्तपेढ्या चालवा. क्रोमॅटिनचे चोचले नंतर. गडचिरोलीत राहून काम करणाऱ्या माणसानं हे म्हटलं तर मी त्याच्यासमोर मान खाली घालून ऐकेन. गोळ्या पोहोचवण्याबद्दलचं त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे.

पण हायड्रॉक्सीयुरिया आलं कुठून? जर्मनीत १८६९ मध्ये रसायनशास्त्रज्ञांनी हा छोटा रेणू पहिल्यांदा बनवला. शंभरेक वर्षांनी तो कर्करोगावर वापरात आला. मग लक्षात आलं की त्यानं गर्भातलं हिमोग्लोबिन वाढतं. १९९५ मध्ये मोठ्या चाचणीत सिद्ध झालं की सिकलसेलचे झटके त्यानं कमी होतात. ज्या गोळीला आपण व्यावहारिक, जमिनीवरचा उपाय म्हणतो, तीसुद्धा आधी प्रयोगशाळेतली निरुद्देश अभिक्रिया होती. आणि ती सगळ्यांना सारखी लागू पडत नाही. काहींचं गर्भातलं हिमोग्लोबिन छान वाढतं, काहींचं फारसं वाढत नाही. असं का, हा परत क्रोमॅटिनचाच प्रश्न आहे.

रसायनशास्त्राची बाजू अजून थोडी सांगायला हवी, कारण जीवशास्त्राच्या कौतुकात ती मागे राहते. हिस्टोनांच्या शेपट्यांवर लायसिन नावाचं अमिनो आम्ल असतं. त्यावर धन विद्युतभार असतो, डीएनएवर ऋण असतो, म्हणून दोघं घट्ट धरून राहतात. लायसिनवर ॲसिटिल नावाचा अणूंचा छोटा गट चढवला की तो धन भार जातो आणि पकड सैल होते. व्हिन्सेंट ऑलफ्री यांनी १९६४ मध्येच याचा जनुकं वाचली जाण्याशी संबंध असावा असं सुचवलं होतं. हा गट चढवणारं एन्झाइम जनुकनियंत्रणाचंच काम करतं हे १९९६ मध्ये डेव्हिड ॲलिस यांच्या प्रयोगशाळेत टेट्राहायमेना या एकपेशीय जीवात सिद्ध झालं. त्याच वर्षी स्टुअर्ट श्रायबर यांच्या रसायनशास्त्रज्ञांच्या चमूनं ॲसिटिल गट उतरवणारं एन्झाइम पकडलं, आणि त्यासाठी आमिष म्हणून बुरशीपासून मिळालेला एक रेणू वापरला.

दुसरीकडे १९७१ मध्ये शार्लट फ्रेंड यांना एक विचित्र गोष्ट दिसली होती. उंदराच्या रक्ताच्या कर्करोगाच्या पेशींत डीएमएसओ, म्हणजे प्रत्येक रसायनशाळेत मिळणारं एक साधं द्रावक, टाकलं की त्या पेशी हिमोग्लोबिन बनवू लागतात. का, हे कुणालाच सांगता येईना. डॉक्टर पॉल मार्क्स आणि रसायनशास्त्रज्ञ रोनाल्ड ब्रेस्लो यांनी त्या रेणूच्या मागे लागून, एकेक बदल करत, नवे रेणू जोडत साहा (SAHA) नावाचा रेणू गाठला. तो एन्झाइमच्या खोबणीत शिरून तिथल्या जस्ताच्या अणूला धरतो आणि ॲसिटिल गट उतरवण्याचं काम थांबवतो, हे तर खूप नंतर कळलं. २००६ मध्ये त्वचेतल्या एका लिम्फोमावर तो औषध म्हणून मंजूर झाला. निरीक्षणापासून गोळीपर्यंत पस्तीस वर्षं लागली. मधली बरीच वर्षं त्यांच्याकडे यश म्हणून दाखवण्यासारखं काही नव्हतं.

आपल्याकडेही या धाग्याची टोकं आहेत. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात तापस कुंडू यांच्या गटानं २००४ मध्ये दाखवलं, की कोकमाच्या सालीतला गार्सिनॉल हा रेणू ॲसिटिल गट चढवणाऱ्या पी३०० या एन्झाइमला अडवतो. कोकणात आणि गोव्यात घराघरांत आमसूल म्हणून वाळवली जाते तीच ही साल. (यावरून सोलकढीनं कर्करोग बरा होतो असा निरोप कृपया कुणी पुढे पाठवू नये. प्रयोगशाळेत वेगळा केलेला रेणू आणि ताटातली वाटी यांत फार अंतर आहे.) हा शोध महत्त्वाचा आहे तो वेगळ्या कारणानं : आपल्या रानातला रेणू, आपल्या प्रयोगशाळेत, जगातल्या सगळ्यात अवघड प्रश्नांपैकी एकावर तपासला गेला आणि तो तपासू शकणारी माणसं इथे होती.

यावर दुसरा आक्षेप येतो, आणि तो पहिल्यापेक्षा जास्त धोकादायक आहे. लोक म्हणतात, ज्ञान तर छापलेलं असतं. अमेरिका-युरोपनं शोधावं, आपण स्वस्तात बनवावं. एकेकाळी हे खरं होतं आणि त्याचा मला अभिमान आहे. १९७० च्या पेटंट कायद्यानं औषधाच्या रेणूवर पेटंट द्यायचंच नाही, फक्त तो बनवण्याच्या पद्धतीवर द्यायचं असं ठरवलं. आपल्या रसायनशास्त्रज्ञांनी त्याच रेणूकडे जाणाऱ्या दुसऱ्या वाटा शोधल्या. त्यातूनच २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लानं एड्सवरची तीन औषधं मिळून दिवसाला एका डॉलरहून कमी दरात देऊ केली, तेव्हा त्यांचा खर्च इतरत्र वर्षाला दहा हजार डॉलरच्या घरात होता. आफ्रिकेत त्यानं किती जीव वाचले! पण २००५ पासून आपला कायदा बदलला. आता रेणूवरच पेटंट मिळतं. दुसरी वाट कितीही हुशारीनं शोधली तरी पेटंट संपेपर्यंत तो रेणू आपल्याला बनवता येत नाही. सक्तीच्या परवान्याची, म्हणजे पेटंट असतानाही सरकारनं दुसऱ्याला ते औषध बनवू देण्याची, तरतूद आहे, पण ती क्वचितच वापरली गेली आहे. म्हणजे नक्कल करून स्वस्त करण्याचं युग नव्या औषधांपुरतं संपलं, हे समजून न घेता आपण अजून जुन्या हिशेबानं बोलतो.

आणि सिकलसेलची गोळी येऊ घातली आहे, हे लक्षात घ्या. २०२४ मध्ये नोव्हार्टिसच्या शास्त्रज्ञांनी एक रेणू जाहीर केला. तो विझ नावाच्या प्रथिनाला पेशीच्या कचरा-यंत्रणेकडे ओढून नेतो आणि नष्ट करवतो. विझ हे हिस्टोनांवर मिथाइल गट चढवणाऱ्या एन्झाइमांबरोबर काम करतं आणि गर्भातलं हिमोग्लोबिन दाबून ठेवण्यात त्याचा हात असतो. उंदरांत आणि माकडांत हा रेणू दिला तेव्हा ते हिमोग्लोबिन वाढलं. माणसांत काय होतं ते पुढे कळेल. पण दिशा स्पष्ट आहे. तोंडानं घ्यायचं औषध म्हणजे अस्थिमज्जा रिकामा करणं नाही आणि महिनाभराचं रुग्णालय नाही. अशी गोळी आशाताईच्या पिशवीतून पाड्यावर जाऊ शकते. ती कुणाच्या मालकीची असेल, किती किमतीला मिळेल, हे मात्र आत्ता, प्रयोगशाळांमध्ये, ठरतं आहे. त्या खोलीत आपण नसलो तर दहा वर्षांनी किमतीवरून निदर्शनं करण्यापलीकडे आपल्या हाती काही उरणार नाही.

शिवाय आपले रुग्ण हुबेहूब आफ्रिकी किंवा अमेरिकी रुग्णांसारखे नाहीत. भारतातल्या सिकल जनुकाच्या आसपासची जनुकीय ठेवण वेगळी आहे, तिला अरब-भारतीय हॅप्लोटाइप म्हणतात, आणि तिच्यामुळे आपल्याकडे गर्भातलं हिमोग्लोबिन मुळातच थोडं जास्त राहतं. तरीही विदर्भातले अनेक रुग्ण गंभीर आजारी पडतात. हे कोडं बोस्टनमधल्या कुणाला सोडवण्याची घाई असेल असं मला वाटत नाही.

हे संशोधन प्रत्यक्षात कसं चालतं ते थोडं जवळून सांगतो. रुग्णाच्या रक्तातून मूळ पेशी वेगळ्या करतात आणि त्यांना वाढीची प्रथिनं घालून बशीत तीनेक आठवडे वाढवतात. सुरुवातीला नळीच्या तळाशी पेशींचा पांढुरका ठिपका दिसतो. हिमोग्लोबिन भरू लागलं की तोच ठिपका गुलाबी आणि मग लाल होतो. क्रोमॅटिन पाहायचं असेल तर मधल्या एखाद्या दिवशी पेशींवर फॉर्मल्डिहाइड टाकतात, दहा मिनिटं. तेवढ्यात तो छोटा रेणू प्रथिनांना डीएनएशी जागच्या जागी सांधून टाकतो. मग ग्लायसिन घालून अभिक्रिया थांबवायची. उशीर झाला तर सांधे जास्त होतात आणि पुढे काहीच नीट तुटत नाही. मग बर्फावर ठेवून ध्वनिलहरींनी तुकडे, रात्रभर चार अंशांवर हवं ते प्रथिन पकडणारी अँटिबॉडी, दुसऱ्या दिवशी धुण्याच्या फेऱ्या. माझ्या ओळखीची एक विद्यार्थिनी हे काम करते. बाहेरून मागवलेली अँटिबॉडी कस्टम्समध्ये अडकली, सुका बर्फ उडून गेला आणि हातात आलं ते कोमट पाकीट. पेशी मात्र बशीत वाढून तयार होत्या, त्या काही थांबत नाहीत. सगळं पुन्हा सुरू. त्याच सुमाराला तिची फेलोशिप कित्येक महिने थकलेली होती आणि ती मैत्रिणीच्या खोलीवर राहत होती. तिला काय दिवे लावणार असं विचारणाऱ्यानं एक रात्र त्या शीतखोलीबाहेर तिच्यासोबत बसावं.

ती एकटी नाही. अनुसूचित जातींसाठीच्या बार्टी या सरकारी संस्थेच्या संशोधक विद्यार्थ्यांना फेलोशिपसाठी आझाद मैदानावर बसावं लागलं, हे महाराष्ट्रानं पाहिलं आहे. केंद्राच्या कनिष्ठ फेलोशिपची रक्कम २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे. ती वाईट नाही, पण वेळेवर येत नसेल तर तिचा आकडा कागदावरच राहतो.

पैशाचं चित्रही सांगून टाकतो. आपला देश संशोधनावर एकूण उत्पन्नाच्या ०.६४ टक्के खर्च करतो, ही सरकारचीच आकडेवारी आहे. दक्षिण कोरिया आणि इस्रायल चार टक्क्यांच्या पुढे आहेत. २०२३ च्या कायद्यानं अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आलं. पाच वर्षांत ५०,००० कोटींची घोषणा झाली, पण त्यातले सुमारे ३६,००० कोटी खासगी क्षेत्राकडून यावेत असं गृहीत धरलं आहे. जुलै २०२५ मध्ये एक लाख कोटींच्या संशोधन, विकास आणि नवोन्मेष योजनेला मंजुरी मिळाली. ऐकून बरं वाटतं. पण तिचा रोख तंत्रज्ञान-सज्जतेच्या चौथ्या पायरीपासून पुढच्या कामांवर आहे, म्हणजे प्रयोगशाळेत कल्पना चालते हे आधीच सिद्ध झालेलं असलं पाहिजे. कोंबडीच्या रक्ताचा प्रयोग या मोजपट्टीवर फार तर पहिल्या पायरीवर येतो. चौथ्या पायरीला लाख कोटी आणि पहिल्या तिघींना थकलेली फेलोशिप, असा जिना बांधता येत नाही. उद्योगांना स्वस्त कर्ज द्या, माझी हरकत नाही. पण खालून कुणी चढूनच आलं नाही तर वरच्या पायरीवर द्यायचं कुणाला?

रोजच्या कारभाराचा जाच वेगळाच. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात प्रयोगशाळेच्या रसायनांवरचं आयातशुल्क १० टक्क्यांवरून १५० टक्के झालं. मद्यार्काची चोरटी आयात रोखायची होती म्हणे. देशभरातल्या शास्त्रज्ञांनी ओरड केल्यावर आठ-दहा दिवसांत, स्वतःच्या वापरासाठी रसायनं आणणाऱ्यांपुरतं, ते मागे घेतलं गेलं. मागे घेतलं हे चांगलं केलं. पण असा निर्णय होताना एकाही टेबलावर एकालाही प्रश्न पडला नाही, यातून संशोधनाची जागा कळते. सरकारी पोर्टलवरूनच खरेदी करण्याची सक्ती जून २०२५ मध्ये सैल झाली. संस्थाप्रमुखांना बाहेरून उपकरणं घेण्याची मुभा मिळाली. खुर्च्या आणि अँटिबॉडी एकाच नियमानं विकत घेता येत नाहीत, हे मान्य व्हायला इतकी वर्षं लागायला नको होती.

आपल्याला हे जमणारच नाही, असं कुणी म्हणत असेल तर ते मला मुळीच मान्य नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलनं मिळून बनवलेली नेक्सकार१९ ही रक्ताच्या कर्करोगावरची पेशी-उपचारपद्धती २०२३ मध्ये मंजूर झाली, आणि परदेशी उपचाराच्या साधारण दहाव्या हिश्श्यात मिळू लागली. सिकलसेलवर दिल्लीच्या आयजीआयबी या जनुकांवर संशोधन करणाऱ्या संस्थेनं स्वतःचं क्रिस्पर साधन घडवलं. बिरसा मुंडा यांच्या नावानं बिरसा १०१ असं त्या उपचाराचं नामकरण नोव्हेंबर २०२५ मध्ये झालं आणि ते तंत्र पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवण्यात आलं. या दोन्ही ठिकाणी आधी अनेक वर्षं पेशी, एन्झाइमं आणि डीएनए यांवर मुकाट्यानं काम करणारी माणसं होती, म्हणून शेवटची पायरी चढता आली.

म्हणून माझी मागणी मोघम नाही. चंद्रपुरात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं (आयसीएमआर) हिमोग्लोबिनच्या आजारांसाठीचं केंद्र आहे. गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. नागपुरात वैद्यकीय महाविद्यालयं आणि रसायनशास्त्राचे जुने विभाग आहेत, पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि आयसर ही विज्ञानसंस्था आहे, खारघरला टाटा मेमोरियलच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये हिस्टोनांवर काम चालतं. सिकलसेलच्या गोळीसाठी यांना जोडणारा पंधरा वर्षांचा एक कार्यक्रम राज्यानं स्वतःच्या पैशातून उभा करावा. रक्ताचा नमुना ताजा असताना प्रयोगशाळेत पोहोचायला हवा, म्हणून पेशी वाढवण्याची सोय चंद्रपूर किंवा गडचिरोलीतच हवी, पुण्यात नको. उणे ८० चे फ्रीझर जनरेटरवर हवेत. रेणू बनवणारे रसायनशास्त्रज्ञ आणि क्रोमॅटिनवाले एकाच छताखाली नसले तरी एकाच निधीत हवेत, म्हणजे एकाचा रेणू दुसऱ्याच्या बशीत सहा महिन्यांऐवजी सहा दिवसांत पडेल. त्याच पट्ट्यातली, त्याच समाजांतली मुलंमुली फेलो म्हणून घ्यावीत आणि त्यांचे पैसे दर महिन्याच्या एक तारखेला खात्यात पडावेत. रुग्णांची संमती त्यांच्या भाषेत, माडिया-गोंडीत घ्यावी, आणि त्यातून काही रेणू निघालाच तर त्याचं पेटंट राज्याच्या मालकीचं राहील आणि राज्यातल्या रुग्णांना तो उत्पादनखर्चात मिळेल, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवावं.

यात हिशेब मागू नये असं मी म्हणत नाही. दर अधिवेशनात मागावा. फक्त औषध कधी येणार या तारखेऐवजी हे विचारावं : वर्षभरात किती रुग्णांच्या पेशींवर काम झालं, किती रेणू तपासले, त्यांतले कोणते निकामी निघाले आणि त्यांची नोंद इतरांसाठी खुली केली का, किती फेलोंनी काम अर्धवट सोडलं आणि कशामुळे.